बाबांना काहीच होत नाही

वकिलांच्या कोटाचं तिसरं बटण लावून झालं आणि मास्तरांनी, चाळीस वर्षं करत आले होते तसं, मान खाली घालून दोरा दाताने तोडला. म्हणजे तोडायला गेले. दोरा तुटला नाही. वरच्या पुढच्या दातात एक कळ उठली, नाकाच्या कडेने डोळ्यामागे गेली, तिथून कानात शिरली आणि स्टीलचं ताट फरशीवर पडल्यासारखी कानात बराच वेळ घुमत राहिली. डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला मान वर करावी तर मान वर येईना. दोरा दातांवरच्या तारेत अडकला होता. त्याचं एक टोक तारेत, दुसरं बटणात, बटण कोटाला आणि कोट वकिलांच्या अंगात. शहरातले एक नावाजलेले वकील आणि एक शिंपी असे चार बोटांच्या अंतरावर एकमेकांना बांधले गेले.

"काय मास्तर, काही खाजगी सांगायचंय का?" वकील वरून म्हणाले.

"कात्री," मास्तर कोटाच्या आत म्हणाले.

कात्री होती कापायच्या टेबलावर, सहा पावलं लांब. मग वकील मागे मागे आणि मास्तर वाकून पुढे पुढे, अशी ती जोडी तिरकी तिरकी निघाली. वाटेत मोठा आरसा लागला. त्यात मास्तरांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं: टक्कल पडलेला, साठीला आलेला, गळ्यात मोजायची फीत अडकवलेला एक माणूस दुसऱ्याच्या छातीला तोंड लावून चालला आहे. हा कोण, असं क्षणभर त्यांना खरंच वाटलं. तारा बसवल्यापासून असं बरेचदा होई. तोंड आपलं, दात आपले, पण आत कोणीतरी परका भाडेकरू येऊन राहिला आहे आणि तो रात्रंदिवस सामान सरकवतो आहे.

"या वयात तारा म्हणजे कमाल आहे," वकिलांनी चालता चालता उलटतपासणी सुरू केली. "दुखतं का हो?"

"छे!"

"मास्तर, मी तीस वर्षं साक्षीदार बघतोय. इतक्या लवकर 'छे' म्हणणारा माणूस खोटं बोलत असतो." त्यांनी स्वतःच कात्री उचलली, जपून दोरा कापला आणि मास्तरांना सोडवलं. "दुखतं म्हणालात तर काय कोणाला फाशी होणार आहे?"

वकील कोट घालूनच गेले. बटणाखाली दोऱ्याचं बोटभर शेपूट लोंबत राहिलं, तेही दोघांच्या लक्षात आलं नाही. मास्तर यंत्रासमोरच्या स्टुलावर बसले, ओठ घट्ट मिटले आणि नाकाने हळूहळू श्वास घेऊ लागले, कारण तोंडाने घेतलेला गार श्वासही दातांवर सुरीसारखा फिरत असे. फाशी कोणाला होणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलीला.

मुलगी दातांची डॉक्टर. चौकापलीकडे, वह्या-पेन्सिलींच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिने दवाखाना थाटला त्याला आता सात महिने झाले होते. पहिले पंधरा दिवस तिथे कोणी फिरकलं नाही. ती रोज खुर्ची पुसायची, दिवा लावून बघायची, विझवायची. मास्तर दुपारी तिचा डबा घेऊन जात आणि बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मासिक उघडून तासभर बसून राहत, कारण रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक शिरत नाही हे त्यांना शिकवायला कोणी नको होतं. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, बसलाच आहात तर आ करा." त्यांनी आ केला. ती आत बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर मास्तरांना ओळखीचं काहीतरी दिसलं. चांगलं कापड उलगडून पाहताना त्यांचा स्वतःचा चेहरा असा होत असे. पुढच्या दाताला दोऱ्याने खाच पाडली आहे, दात फाकले आहेत, खालचे एकमेकांच्या अंगावर चढले आहेत, सगळा चावण्याचा भार मागच्या दोनच दाढांवर येतो आहे आणि दहा वर्षांत त्या दोघी राजीनामा देतील, असं तिने आरसा धरून, एकेक दात दाखवून समजावलं. दात कुठल्याही वयात सरकवता येतात, फक्त घाई करायची नाही. पण मोठ्या माणसाचे आपण एकटीने अजून केलेले नाहीत, हेही तिने सांगितलं, जरा हळू आवाजात. "मग माझेच सरकव," मास्तर म्हणाले. दुकान उघडलं तेव्हा त्यांनी स्वतः शिवलेला पहिला कोट भर उन्हाळ्यात दोन महिने अंगात घातला होता. अंगावर बसतो हे लोकांना दिसलं पाहिजे ना. तिथे उकडायचं, इथे दुखेल, एवढाच फरक, असा त्यांचा हिशोब होता.

पहिल्या दिवशी दोन तास लागले. शेवटी तिने तार ओढून घेतली, मुखपट्टी खाली केली आणि हातात एक कार्ड घेऊन विचारलं, "शून्य ते दहा बाबा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. किती?" त्या क्षणी मास्तरांच्या तोंडातले सगळे दात तास संपल्याची घंटा झाल्यासारखे उठून उभे राहिले होते आणि कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. पण मुलीच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते. कार्ड धरलेली बोटं अगदी किंचित हलत होती. "शून्य," मास्तर म्हणाले. गळ्याशी आवळलेलं बटण काढल्यावर माणसाचा चेहरा सैल होतो तसा तिचा चेहरा सैल झाला, आणि तो बघून मास्तरांना इतकं बरं वाटलं की घरी जाईपर्यंत ते दुखणं विसरले. घरी पोचून पाणी प्यायले तेव्हा आठवलं.

त्यानंतर दर महिन्याला ती तार आवळी, विचारी, आणि मास्तर शून्य म्हणत. पाच वेळा शून्य. एकदा सांगितलेलं शून्य दुसऱ्यांदा बदलता येत नाही. बदलावं तर पहिल्याचं काय झालं ते सांगावं लागतं. मग त्यांनी दुखण्याशी आपला आपण संसार मांडला. पाण्याची बाटली ते इस्त्रीच्या कडेला उभी करून ठेवत, म्हणजे पाणी कोमट राही. एका बाजूला इस्त्री, एका बाजूला बाटली, आणि पँटची घडी घालता घालता एक घोट. सफरचंदाच्या ते कात्रीने कागदासारख्या चकत्या करत आणि जिभेवर ठेवून त्या विरघळायची वाट बघत. दात घासून झाल्यावर औषधाच्या दुकानातून आणलेलं मलम बोटावर घेऊन दातांना लावून ठेवत आणि अर्धा तास बोलत नसत. बोलण्यासाठी तोंड उघडलं की वारा आत जातो, म्हणून दुकानातही त्यांनी बोलणं कमी केलं. मान हलवायची, हुंकार द्यायचा, खडूने खूण करायची. याचा एक भलताच परिणाम झाला. मास्तर आता फार मोठे कारागीर झाले आहेत, ते बोलत नाहीत, नुसते बघतात, अशी गिऱ्हाइकांत बातमी पसरली आणि लोक त्यांच्यासमोर जास्त ताठ उभे राहू लागले.

फक्त बायको फसली नाही. ती समोर सूप ठेवी आणि म्हणे, "घ्या, शून्यवाले. निवलंय."

"हळू बोल. तिला ऐकू जाईल."

"ती दवाखान्यात आहे. आणि ऐकू गेलं तर बरंच. कोमट पाणी पिताना तुम्ही डोळे मिटता आणि पाय आपटता. हे शून्य असेल तर दहाला काय कराल, छपराला चिकटाल?"

"तिचा हात फार हलका आहे गं."

"मी तिच्या हाताचं कुठे म्हणतेय? तुमच्या जिभेचं म्हणतेय."

बायको असं बोलली की मास्तर सूप पीत. सूप पिताना कोणाला उत्तर द्यावं लागत नाही. पण आज वकिलांच्या छातीला बांधलेलं असताना 'छे' म्हणून गेल्यापासून त्यांना चैन नव्हतं. दुखण्यापेक्षाही एक विचित्र गोष्ट त्यांना जाणवत होती: हे दुखणं आता त्यांचं एकट्याचं झालं होतं. पाठीत उसण भरली तर दहा जण दहा उपाय सांगतात, सगळं घर त्या उसणीभोवती बसतं. याला मात्र त्यांनी कुलूप लावलं होतं, आणि ते आत अंधारात वाढत होतं. त्यांनी यंत्र चालू केलं. यंत्राची थरथर टेबलातून कोपरात, कोपरातून जबड्यात आली. त्यांनी यंत्र बंद केलं. पाच वाजायला आले होते. पाचला तार आवळायची होती.

तोंडाभोवती मफलर गुंडाळून ते चौक ओलांडून गेले. बाहेरच्या खोलीत आता खुर्च्या कमी पडतात हे बघून त्यांना दरवेळी बरं वाटे. आज मात्र एकच माणूस होता, पण तो दोन खुर्च्यांवर बसला होता. फावड्यासारखे हात, बैलासारखी मान, पायांत जाड तळव्यांचे बूट. त्याने मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी मफलर सोडला, आणि त्यांच्या तारा बघून त्या माणसाच्या चेहऱ्यावर परदेशात गाववाला भेटल्यासारखा आनंद पसरला. त्याने स्वतःचे ओठ मागे घेतले. त्यालाही तारा.

"काका, तुम्हीपण?" तो कुजबुजला. एवढ्या छातीतून एवढा बारीक आवाज निघेल असं वाटलं नव्हतं. "मी ट्रक चालवतो. लांबचा. दोन महिने झाले. एक विचारू? कोणाला सांगणार नाही ना?"

"नाही."

"फार दुखतं हो. गार लागलं की मेलोच. परवा घाटात गाडी थांबवली, झऱ्याचं पाणी प्यायलो आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडलो. माझ्या गाडीला अठरा चाकं आहेत काका. मागच्याला वाटलं इंजिन गेलं. तो बिचारा मदतीला आला, पाना घेऊन. त्याला काय सांगू?"

मास्तरांना हसू आलं, आणि हसताना वारा आत गेला. त्यांनी ओठ मिटले. "मग डॉक्टरांना सांगायचं," ते म्हणाले.

"सांगितलं ना. पहिल्या खेपेला सहा सांगितले. खरं तर जास्त होते, पण बाईमाणसासमोर जरा कमी करून सांगितले. ताई फार चांगल्या आहेत. त्यांनी समजावलं. म्हणाल्या, थोडं मनाचंही असतं. माझ्या वडिलांना साठीला हीच तार लावलीय, एवढाच ताण दिलाय, बाबांना काहीच होत नाही." ट्रकवाल्याने मान खाली घातली. "मग दुसऱ्या खेपेला मी तीन सांगितले. लाज वाटते ना. तिकडे साठीचा म्हातारा शून्य सांगतो आणि मी असा रेड्यासारखा. आज सांगायलाच आलोय, काढून टाका म्हणून. तारेचा दोष नाही, माणूसच कच्चा निघाला."

भिंतीवर दाताचं मोठं चित्र होतं, मुळांसकट, आणि मास्तर त्या मुळांकडे बघत राहिले. त्यांना एकदम एक शर्ट आठवला. मुलगी सात वर्षांची असताना तिने दुकानात बसून त्यांच्या शर्टाच्या खिशाला बटण लावलं होतं. फार मन लावून लावलं होतं, फक्त सुई खिशातून आरपार शर्टात घातली होती, त्यामुळे खिसा कायमचा बंद झाला. "कसं झालंय बाबा?" "उत्तम," मास्तर म्हणाले आणि दिवसभर खडू, फीत, चष्मा हातात घेऊन हिंडले. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. संध्याकाळपर्यंत तिने घरातले सगळे खिसे उत्तम करून ठेवले, त्यात तिच्या मामाचा मुलाखतीचा कोटही होता. मामा साहेबांसमोर बसून, सही करायला पेन काढण्यासाठी, खिशाच्या तोंडावर बोटांनी खाजवत राहिला. त्या गोष्टीवर घरात वर्षानुवर्षं हसणं झालं, मास्तर सगळ्यात जास्त हसले. पण तिला बटण नीट कसं लावायचं हे कोणी शिकवलं होतं? आठवून आठवून त्यांना आठवेना. बहुतेक कोणीच नाही. दुकानात हाताखाली आलेल्या प्रत्येकाची वाकडी टीप त्यांनी निर्दयपणे उसवायला लावली होती. एकट्या मुलीला तेवढं "उत्तम" म्हटलं होतं, आणि तिला वाटलं होतं की ते खरं आहे.

दार उघडलं. "या बाबा," मुलगी म्हणाली. "तुमचं काय, पाच मिनिटांचं काम." आणि ट्रकवाल्याकडे बघून म्हणाली, "बसा हं. हेच ते माझे वडील."

ट्रकवाल्याचं तोंड उघडं राहिलं. वारा लागला असावा, ते त्याने लगेच मिटलं.

आत मास्तर खुर्चीत आडवे झाले. दिवा डोळ्यांवर आला. मुलीने कार्ड घेतलं, तारीख घातली, आणि विचारता विचारताच पुढच्या रकान्यात गोल काढायला सुरुवात केली. "किती?"

"थांब," मास्तर म्हणाले. गोल अर्धा झाला होता. "आठ."

ती हसली. "बाबा, चेष्टा नको. बाहेर माणूस बसलाय."

"त्याच्यामुळेच सांगतोय. आठ. मागच्या वेळी सात. पहिल्या दिवशी नऊ होते, दहाही असतील, पण दहा म्हणजे सहन होत नाही असं तू म्हणाली होतीस, आणि मी तर सहन करत होतो."

ती उभी होती ती स्टुलावर बसली. रागावली की तिच्या आईसारखं तिचं नाक पांढरं पडे. ते आता पडलं.

"पाच महिने," ती म्हणाली. "बाबा, तुमच्या शून्यावर मी माणसं मोजली. कोणी दुखतं म्हटलं की मला वाटायचं, हे नाजूक आहेत. तार बारीक लावता आली असती, ताण कमी करता आला असता, दातांवर लेप देता आला असता. मी कोणालाच काही केलं नाही. का, तर बाबांना काहीच होत नाही!"

"तुझे हात थरथरत होते त्या दिवशी."

"थरथरू देत ना! नवीन होते मी! थरथरले म्हणून काय खोटं सांगायचं?"

"तुला बरं वाटावं म्हणून..."

"मला बरं वाटून काय करू? मला काम यायला पाहिजे, बाबा. बरं वाटायला काय, घरी आई आहे." म्हणताना तिचं तिलाच ते खरं नाही हे कळलं असावं, कारण आई बरं वाटेल असं सहसा काही बोलत नसे, आणि दोघांनाही एकाच वेळी हसू आलं, पण तिने ते दाबलं. कार्ड त्यांच्या पोटावर ठेवलं, पेन सरसावलं. "सांगा. पहिल्यापासून. एकेक तारीख."

मग वाकडी टीप उसवतात तशी ती प्रत्येक तारखेपाशी थांबली. गार पाण्याने की चावताना? किती दिवस? कोणता दात? मास्तर आठवून आठवून सांगत होते, इस्त्रीजवळची बाटली, सफरचंदाच्या चकत्या, आजचा वकील. वकिलांपाशी तिने डोळे मोठे केले. "अजून दाताने दोरा तोडता? मी तुम्हाला..."

"कात्री लांब असते गं."

"गळ्यात अडकवा! फीत अडकवता तशी." तिने तेही लिहून घेतलं. उसवायला शिवण्याहून जास्त वेळ लागतो, हे मास्तरांना माहीत होतं. पण सुट्या झालेल्या कापडाला एक मोकळेपणा येतो, तो मात्र आज पहिल्यांदाच स्वतःच्या अंगात जाणवला. दात तेवढेच दुखत होते. पण आता ते दोघांना माहीत होतं.

तिने उठून दार उघडलं. ट्रकवाला दाराला लागूनच उभा होता. "आत या," ती म्हणाली. "मला तुमची माफी मागायची आहे. तुम्ही सहा सांगितलेत तेव्हा मी ऐकायला हवं होतं. हे माझे वडील, यांचे आठ आहेत."

ट्रकवाल्याने मास्तरांकडे बघितलं. आधी त्याला राग आला असावा, त्याचे हात कमरेवर गेले. "मग ते शून्य कोणाचे होते, काका?"

"कोणाचेच नव्हते," मास्तर खुर्चीतून म्हणाले. "मीच ठोकून दिले होते."

"अहो, मी परवा घाटात तुमचं नाव घेऊन पाणी प्यायलो! म्हटलं, तो म्हातारा पितो तर मी का नाही!" आणि एकदम त्याचा राग ओसरला, कारण रागापेक्षा मोठी सुटका झाली होती. तो कच्चा नव्हता. "ताई, माझे ते तीन आहेत ना, ते खोडा. नऊ लिहा."

"सहा होते ना तुमचे?"

"यांचे आठ आहेत म्हणता ना? मग माझे नऊ. माझा जबडा बघा केवढा आहे."

तारा काढायच्या का, असं तिने विचारलं. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, आधी ती बारीकवाली लावून बघू. आणि भिंतीशी हाताची घडी घालून उभा राहिला. बाहेर जायचं त्याच्या मनात दिसत नव्हतं.

मुलीने मुखपट्टी वर केली, हातमोजे चढवले. "आधी कुठल्या दातात किती आहे ते हवेच्या फवाऱ्याने बघते. दुखलं की हात वर करायचा." हे ती प्रत्येकालाच सांगे. मास्तरही ते पाच महिने ऐकत आले होते, आणि दरवेळी त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. आज त्यांनी ते पोटावर ठेवले. गार हवेची बारीक धार पुढच्या दातावर आली, तीच कळ निघाली, नाकाच्या कडेने, डोळ्यामागे, आणि मास्तरांचा उजवा हात, जणू दुसऱ्याच कोणाचा असावा तसा, हळूहळू वर गेला.

ती लगेच थांबली. हवा थांबली. खोलीत दिव्याची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती. मास्तरांना फार नवल वाटलं. इतकं सोपं होतं हे? त्यांनी हात खाली घेतला, क्षणभर थांबले, आणि खात्री करून घ्यावी म्हणून पुन्हा वर केला.

"बाबा!" मुलगी म्हणाली. "अजून मी काही केलेलंच नाहीये."